गुंठा कुणाच्या नावावर

एबनेझर मास्तरांचा राग म्हणजे भुशाच्या ढिगातला विस्तव. वरून दिसायचा नाही, पण पाय पडला की भाजलाच. त्या शनिवारी तो पाय पडला एका मोबाइलच्या मेसेजचा.

मोबाइल मास्तरांचा नव्हता. त्यांच्या मुलाचा, नथानिएलचा होता. नथानिएलला जाऊन दोन वर्षं होत आली होती. कावीळ झाली, साधी साधी म्हणता म्हणता लिव्हरवर गेली, आणि पुण्याच्या दवाखान्यातून पोरगा शिरूरला परत आला तो मिशन कंपाउंडामागच्या दफनभूमीतच. त्याचे कपडे कृपानं, म्हणजे मास्तरांच्या मुलीनं, वाटून टाकले. पुस्तकं कुणीकुणी नेली. फोनला मात्र मास्तरांनी कुणाला हात लावू दिला नाही. रोज चार्ज करायचा आणि शर्टाच्या डाव्या खिशात ठेवायचा. आता त्यावर कुणाचा फोन येत नसे. पण अधूनमधून एखादा इंग्रजी मेसेज यायचा, ‘नथानिएल, तुमचं गुंठा पॅकेज या महिन्यात इतक्या लोकांनी घेतलं.’ मास्तर चष्मा पुसून तो वाचायचे. पॅकेज म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नव्हतं. आपल्या गेलेल्या पोराला कुणीतरी अजून नावानं हाक मारतंय, एवढं कळायचं, आणि तेवढं त्यांना पुरायचं.

आणि आता हा मेसेज! मास्तर जन्मभर मिशनच्या शाळेत सुतारकाम शिकवलेला माणूस, इंग्रजी वाचण्यापुरतं बरं होतं. त्यातला एक शब्द दिसला आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

“कृपे! ए कृपे! बाहीर ये आधी!”

कृपा रांजणगावच्या कंपनीत क्वालिटी खात्यात होती. सुट्टीचा दिवस म्हणून डोक्याला तेल लावून बसली होती, ती तशीच पळत आली.

“वाच ह्यात काय लिवलंय. ऑर्फन! अनाथ! माझ्या नथूच्या कामाला अनाथ म्हणत्यात. बाप गेला म्हणून काय झालं? आजा जित्ता हाय की अजून, हितं धडधाकट बसलाय!”

कृपानं फोन घेतला, खालीवर केला. “पप्पा, तसं नाही. दादानं गुंठा लिहिलं होतं ना, ते. आपण एकर-गुंठ्यात बोलतो, सातबारा हेक्टर-आरमध्ये बोलतो. ह्याचं त्यात करून देणारा छोटा प्रोग्राम. तो त्यानं सगळ्यांना वापरायला ठेवून दिला. कुणाला आपल्या प्रोग्राममध्ये लागला की पॅकेज मॅनेजर तो आणून देतो.”

“मग त्या मॅनेजरचा नंबर दे. मी बोलतो त्याच्याशी.”

“माणूस नाही हो तो! प्रोग्रामच आहे. नाव घेतलं की गाठोडं आणून देणारा.”

“माणूस न्हाई, आन् माझ्या नातवाला अनाथ ठरवतोय? वा रे वा!”

कृपाला हसू आलं, पण पप्पांचा चेहरा पाहून तिनं ते गिळलं. मेसेज सरळ होता. पॅकेजकडे दोन वर्षांत कुणी पाहिलेलं नाही. महिनाअखेरपर्यंत कुणी पुढं आलं नाही तर ते ऑर्फन ठरवून फळीवरून खाली काढलं जाईल, नव्या कुणाला मिळणार नाही. खाली आणखी एक ओळ होती. दौंडच्या अनुपमा आनंदराव यांनी ते दत्तक मागितलं आहे. मंजूर की नामंजूर?

दत्तक हा शब्द ऐकला मात्र, मास्तरांनी फोन हिसकावून घेतला आणि ‘नामंजूर’वर बोट दाबलं. बोट कसलं, सुताराचा अंगठा. काच फुटली नाही हेच नशीब.

“पप्पा! विचारायचं तरी!”

“नको म्हंजी नको,” मास्तर म्हणाले आणि फोन खिशात घालून ओट्यावरून उठले.

दुसऱ्या दिवशी रविवार. उपासना आटोपून बापलेक घरी आले तर दारात एक तिशीची बाई उभी. खांद्याला लॅपटॉपची बॅग, हातात कापडात बांधलेली गुळाची ढेप. गुऱ्हाळावरून थेट आल्यासारखा गुळाचा वास सुटला होता.

“नमस्कार. मी अनुपमा, दौंडवरून आले. गुंठाच्या पानावर हाच पत्ता होता. नथानिएल सर आहेत का घरी?”

कृपा जागीच थांबली. त्या घराच्या दारात उभं राहून दोन वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

“मी सहा-सात मेल पाठवले त्यांना,” बाई आपली बोलत सुटली. “एकाचं उत्तर नाही. आणि काल एकदम नामंजूर आलं! म्हटलं, चला, माणूस आहे म्हणायचा कुठंतरी. रागावलेत तर रागावू देत, समोर बसून विनवणी करीन. एवढं चांगलं काम केलंय त्यांनी, आणि…”

“दादा नाहीये,” कृपा म्हणाली. “दोन वर्षं झाली. काल ते बटण पप्पांनी दाबलं.”

अनुपमाच्या हातातली ढेप तशीच राहिली. तिचं तोंड एवढंसं झालं. मग तिनं ढेप ओट्यावर ठेवली, चपला काढल्या, आणि मास्तरांच्या पाया पडली. “चुकले आबा. मला काही माहीत नव्हतं,” म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. ज्याला तिनं कधी पाहिलंही नव्हतं त्याच्यासाठी ती खरोखर रडत होती. मास्तरांनी आदल्या दिवसापासून दाबून ठेवलेला सगळा राग त्या पाण्यापुढं कुठं काढावा ते त्यांना समजेना.

“बस,” ते म्हणाले. “कृपे, चहा टाक.”

चहा आल्यावर तिनं सांगितलं. ती दौंडला ऊस नोंदणीचा प्रोग्राम चालवायची. इनामगाव, वडगाव रासाईपासून भीमेपलीकडच्या गावांपर्यंत शेतकरी त्यात आपलं क्षेत्र भरायचे, आणि आतून ते मोजायचं नथानिएलचं गुंठा. तिच्यासारखे आणखी कितीतरी लोक ते वापरत होते. त्यात एक खोट निघाली होती. सातबाऱ्यावर एक पूर्णांक चाळीस म्हणजे एक हेक्टर चाळीस आर. शेतकऱ्यानं शेवटचं शून्य गाळून ‘१.४’ भरलं, की गुंठा एक हेक्टर चारच आर धरायचं. माणसाचं रान कागदावर आटून जायचं. दुरुस्ती दहा ओळींची. पण ती चढवायची किल्ली नथानिएलच्या खात्याला, आणि खात्याचा कोड येणार नथानिएलच्या फोनवर.

“महिनाअखेरीला ते खाली काढलं आबा, की संपलं. लोक दुसरं काहीतरी शोधतील, आणि सरांचं काम कुजून जाईल.”

मास्तरांनी सगळं ऐकलं. मग एकच विचारलं, “दत्तक घेतल्यावर नाव काय लागणार?”

“नाव गुंठाच राहणार, आबा.”

“त्याचं न्हाई विचारत मी. कुणाचं लागणार?”

अनुपमाला क्षणभर उमजेना. तेव्हा मास्तरांनी खिडकीतून मागं, दफनभूमीकडं बोट केलं.

“तिकडं माझा पणजोबा हाय. दगडावर लिवलंय बर्णबा. मोठ्या दुष्काळात आईबाप गेले, पोरगं एकटं भटकत व्हतं. मिशननं आणलं, पोटाला दिलं, अंगावर कापड घातलं, हातात रंधा दिला. आज मी हाय तो त्या उपकारावर, ते मी कवाच नाकारणार न्हाई. पण पोराला आणल्यावर त्याला नवं नाव दिलं. चांगलं नाव, शास्त्रातलं. आधीचं काय व्हतं? त्याच्या आईनं त्याला काय म्हणून हाक मारली आसंल? आम्हा कुणालाच ठाव न्हाई. त्यानं पोरांना सांगितलं न्हाई, का सांगून पोरं इसरली, देव जाणे. अनाथ म्हटलं, दत्तक घेतलं, की पहिलं काय जातं? नाव जातं, बाई. माझ्या नथूचं एवढं एकच नाव उरलंय जगात फिरतं.”

चहाच्या कपावर साय धरली होती. अनुपमानं ‘असं कसं होईल आबा’ असलं काही म्हटलं नाही. तिचे एक चुलते मावशीकडं दत्तक गेले होते. जमीन मिळाली, सगळं मिळालं, पण कागदोपत्री बापाचं नाव बदललं. तिची आजी मरेपर्यंत म्हणायची, माझं लेकरू कागदानं नेलं. ते तिनं मास्तरांना सांगितलं. मग लॅपटॉप उघडून गुंठाचं पान त्यांच्यासमोर धरलं.

“ह्या लोकांनी शब्दांचा नुसता घोळ घालून ठेवलाय आबा. मलाही पहिल्यांदा उलगडलं नव्हतं. हे बघा. हा ऑथर, म्हणजे ज्यानं लिहिलं तो. हा मेंटेनर, म्हणजे जो सांभाळतो. हा ओनर, म्हणजे ज्याच्याकडं किल्ली आहे. माणसं तीन, कामं तीन. पण यांच्याच मदतीच्या पानावर एका ठिकाणी ओनर म्हणतात, दुसरीकडं त्यालाच मेंटेनर म्हणतात. आणि सांभाळणारा नसला की म्हणतात ऑर्फन! अहो, सांभाळणारा नाही म्हणून बाप नाही असं कुठं असतं? दत्तक म्हणजे फक्त किल्ली घेऊन सांभाळायचं. लिहिणारा आहे तोच राहतो.”

मास्तर वाकून बघत होते. पडद्यावर त्यांच्या पोराचं नाव होतं, नथानिएल एबनेझर. एका रकान्यात नाही, तिन्ही रकान्यांत.

“म्हंजी वरचं तसंच राहील, खालची दोन बदलतील.”

“हो.”

“आन् किल्ली हातात आसली, तर वरचं नाव खोडता येतं का?”

आता काय सांगायचं होतं तिनं? ‘नाही’ म्हटलं असतं तर काम तिथंच झालं असतं. मास्तरांना कुठं तपासता येणार होतं? कृपाही तिच्याकडं बघत राहिली.

“येतं,” अनुपमा म्हणाली.

“कुणी आडवत न्हाई?”

“नाही आबा. कुणी अडवत नाही. मी खोडणार नाही, एवढंच सांगू शकते.”

मास्तरांनी मान हलवली. “तू शब्द साफ करून दिलेस, बरं केलंस. पण वाट उघडी ती उघडीच. आन् आमच्या पणजोबाचं नावबी कुणी वाईट मनानं न्हवतं पुसलं, बाई.”

अनुपमानं लॅपटॉप मिटला. जाताना कृपाला आपला नंबर दिला आणि म्हणाली, “आबांना त्रास देऊ नका. मी माझ्यापुरतं काहीतरी बघते.” गुळाची ढेप मात्र परत नेली नाही.

तिची पाठ वळते न वळते तोच कृपानं तोंड उघडलं. “झालं समाधान? आता महिनाअखेरीला दादाचं काम फळीवरून खाली. नाव राहिलं पाहिजे, नाव राहिलं पाहिजे! कशावर राहणार पप्पा, हवेत? कुणी वापरायचंच नाही तर त्यावरचं नाव वाचणार कोण?”

“उचलली जीभ आन् लावली टाळ्याला! तुला काय कळतंय त्यातलं?”

“माझाही भाऊ होता तो. तुमचा एकट्याचा नव्हता,” कृपा म्हणाली आणि आत जाऊन तिनं दार लावून घेतलं. मास्तर फोन हातात घेऊन बसून राहिले. लेकीचं बोलणं त्यांना लागलं होतं, आणि ते खरं होतं म्हणून जास्तच लागलं होतं.

तीन-चार दिवस घरात मीठ-मिरचीपुरतं बोलणं. गुरुवारी पाळकसाहेबांचा निरोप आला, चर्चमधलं पुढचं बाक डुगडुगतंय, येऊन बघा. डावीकडचं पुढचं बाक म्हणजे मास्तरांचं नेहमीचं. दर रविवारी तिथंच बसायचे, आणि उपदेश लांबला की बसल्याबसल्या त्यांची बोटं बाकाच्या खालच्या अंगाला कोरलेल्या अक्षरांवर फिरायची. ही सवय इतकी जुनी की त्यांना तिचं भानही नसे. पेटी घेऊन मास्तर गेले. चर्चमध्ये कुणी नव्हतं. त्यांनी बाक उलटं केलं. पायाची खीळ ढिली झाली होती, फार काही नाही. पण हातोडी उचलताना त्यांची नजर त्या अक्षरांवर पडली आणि हात थांबला.

शिमोन मिस्त्री.

हे बाक शिमोन मिस्त्रींनी घडवलं तेव्हा मास्तरांचा जन्मही झालेला नव्हता. मास्तरांनी मिस्त्रींना पाहिलेलं नाही. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत त्या बाकाचे पाय मास्तरांनी बदलले, पाठ बदलली. पुढं वाळवी लागली तेव्हा बसायची फळीसुद्धा बदलली. खरं पाहिलं तर शिमोन मिस्त्रींचं त्यात काय उरलं होतं? फळी जाळायला टाकायच्या आधी मास्तरांनी नावाचा तेवढा तुकडा करवतीनं कापून काढला होता. नव्या फळीत त्याच्या मापाची खाच मारली होती, आणि तुकडा तिच्यात चपखल बसवला होता. नव्या बाभळीत जुनं काळपट लाकूड, लहानसं, तळहाताएवढं. अर्धा दिवस गेला होता त्यात. कुणी सांगितलं नव्हतं. कुणी बघणार नव्हतं. आणि नसता बसवला तर कुणी अडवणारही नव्हतं.

“रंधा माझ्याच हातात व्हता की,” मास्तर त्या उलट्या बाकाला म्हणाले.

ते खाली फरशीवर बसले. नथू गेल्यापासून रडले नव्हते असं नाही, पण आज आलेलं रडं वेगळं होतं. दोन वर्षं नुसता छातीशी धरून ठेवलेला तो फोन त्यांनी बाहेर काढला, आणि त्यांना वाटलं, आपण फळी वाळवीला दिली आणि नाव सांभाळत बसलो. त्या पोरीला खोटं बोलायला काय जात होतं? पण ती ‘येतं’ म्हणाली. जी माणसं ‘येतं’ म्हणतात तीच तुकडा कापून काढतात, जाळत नाहीत. एवढं मास्तरांना लाकडावरून कळत होतं.

संध्याकाळी कृपा कामावरून आली तर मास्तर इस्त्रीचा शर्ट काढत होते. “उद्या दौंडला जातो,” ते म्हणाले.

“अहो, कोड फोनवर सांगितला तरी चालतो!”

“लेकरू द्यायचं तर हातानं द्यायचं. फोनवर देत न्हाईत.”

कृपा बापाच्या गळ्यातच पडली. “मीपण येऊ?” म्हणाली. मास्तर म्हणाले, “तू कामाला जा. मला एकट्याला जाऊ दे.”

शुक्रवारी एसटीनं न्हावऱ्यात गाडी बदलून मास्तर दौंडला पोचले. अनुपमाचं ऑफिस म्हणजे खताच्या दुकानावरची एक खोली, दोन टेबलं आणि एक कुरकुरणारा पंखा. तिनं त्यांना पाहिलं आणि खुर्चीतून उठलीच. मास्तरांनी खिशातला फोन काढून टेबलावर ठेवला.

“कर काय करायचं ते.”

“आबा, घाई नाही. अजून…”

“कर म्हटलं ना.”

तिनं पुन्हा मागणी टाकली. ह्या वेळी मास्तरांनी ‘मंजूर’वर बोट ठेवलं, हळूच, पिकल्या फळाला लावावं तसं. फोन थरथरला. कोड आला. मास्तरांनी चष्मा लावून एकेक आकडा मोठ्यानं वाचला, वर्गात मापं सांगायचे तसा, आणि अनुपमा तो भरत गेली. शेवटचा आकडा झाला. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग फोन पुन्हा थरथरला, आणि मास्तरांनी तो मेसेजही मोठ्यानंच वाचायला घेतला, ‘नथानिएल, आता तुम्ही गुंठाचे…’ पुढं त्यांना वाचवेना.

“ओनर नाही,” अनुपमानं हळूच पुरं केलं. “म्हणजे किल्ली तुमच्याकडं नाही, एवढंच.”

“आता ह्याच्यावर काय येणार न्हाई म्हण.”

“नाही आबा. आता मेसेज माझ्याकडं येतील.”

खाली रस्त्यावर कुणीतरी खताच्या गोण्या उतरवत होतं, त्याचे धप्प धप्प आवाज येत होते. अनुपमानं लॅपटॉप त्यांच्याकडं वळवला.

“हे मी त्या दिवशी घरी गेल्यावरच लिहून ठेवलं होतं, चढवता येत नव्हतं. पानावरचं नाव कुणी बदललं तर बदलेल. म्हणून मी ते आत, प्रोग्राममध्येच घातलंय, अगदी पहिल्या ओळीला. जो कुणी गुंठा घेईल त्याच्याबरोबर जाईल. माझ्यानंतर ज्याच्याकडं किल्ली जाईल, त्यालाही ते वाचूनच पुढं जावं लागेल.”

“खोडता येतं?”

“येतं,” ती म्हणाली.

मास्तर जरासे हसले, त्या दिवसात पहिल्यांदा. मग वाकून त्यांनी वाचलं. मराठीत होतं, साधं, दोन ओळींचं.

लिहिणारा: नथानिएल एबनेझर, शिरूर.
सांभाळणारी: अनुपमा आनंदराव, दौंड.

त्यांनी ते एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. सुताराचा जाड अंगठा पहिल्या ओळीवरून फिरला, मग दुसरीवरून, जसा दर रविवारी बाकाखाली फिरायचा.

“लई काय लागत न्हाई गं,” ते म्हणाले. “दोन ओळी लागत्यात. आमच्या पणजोबाला कुणी दुसरी ओळ दिली, लई उपकार केले. पहिली तेवढी ऱ्हाऊ दिली आसती, तर आज मला त्याचं नाव घेऊन हाक मारता आली आसती.”